महोत्सवात सुरमई आहे, निवटी कुठे आहे?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत दरवर्षी आगरी-कोळी महोत्सव भरवणारी सर्व मंडळं, त्यांचे अध्यक्ष, सल्लागार आणि स्टॉल लावणाऱ्या माझ्या आयाबहिणी,

सप्रेम नमस्कार.

मी घणसोली गावातली. गावातली म्हणजे सेक्टरमधली नव्हे. जिथे आत यायला रिक्षावाला कुरकुरतो, त्या गावठाणातली. नोकरीला वाशीला जाते. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन तुमच्यापैकी एका महोत्सवाला आले होते. कुठल्या ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे उगाच खूश होतील, आणि जे लिहायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, पण महोत्सव म्हटल्यावर लुगडं काढून बसली. मैदानावर गर्दी होती, बँजो जोरात होता, होडीचा देखावा सुंदर होता. आम्ही 'अस्सल आगरी-कोळी' असा बोर्ड लावलेल्या एका स्टॉलपाशी उभ्या राहिलो. तव्यावर सुरमई होती, पापलेट होतं. बाजूला प्रॉन्स कोळीवाडा तळला जात होता. (हा पदार्थ फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात आलेल्या पंजाबी मंडळींच्या हातचा, असं सांगतात. आपण नावावर खूश आहोत.) आईने स्टॉलवरच्या मुलीला विचारलं, "बाय, निवट्या हायत का?"

पोरगी गोड होती. तिने मागे वळून विचारलं, "काकी, निवट्या म्हणजे काय असतं?" आतून काकी हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, त्या आता कोण खातं? आणि आणायच्या कुठून?"

आई काही बोलली नाही. सुरमई खाल्ली, छान झालीय म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडून नुसता चावला आणि मला हळूच म्हणाली, "पीठ पिशवीतलं हाय."

काकींचे ते दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. कोण खातं, आणि आणायच्या कुठून. त्यातला पहिला तुमच्या हातातला आहे आणि दुसऱ्याचं उत्तर ज्यांच्याकडे मागायचं त्यांना तुम्ही दरवर्षी स्टेजवरून हार घालता, म्हणून हे पत्र.

तुमच्यातल्या तरुण मंडळींसाठी आधी निवटीबद्दल सांगते. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारी मासळी. डोळे डोक्याच्या वर, जणू मागाहून बसवलेले. अंग ओलं असेपर्यंत कातडीतून श्वास घेते, म्हणून ओहोटीला पाणी गेलं तरी ती चिखलावर उड्या मारत फिरते. तिच्या बिळाला एकाहून जास्त तोंडं असतात. एका तोंडावर पाय दाबायचा आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, ही आईची पद्धत. जाळं नाही, होडी नाही. लुगड्याचा काचा मारायचा, टोपली कमरेला बांधायची आणि मांडीइतक्या चिखलात उतरायचं.

घड्याळ तिच्याकडे नव्हतं, तिथी होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीत आत थोडं उशिरा. शाळेत एक दिवस न गेलेली माझी आई हा हिशोब बोटांवर करायची आणि त्यावर घरातला स्वयंपाक ठरायचा. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हलत नाही, तेव्हा चुलीवर सुकी मासळी. उधाणाला लांबवर चिखल उघडा पडतो, तेव्हा निवट्या, खुबे म्हणजे शिंपल्यातले जीव, चिंबोऱ्या. कॅलेंडरमधली तिथी आता मी फक्त चतुर्थीसाठी बघते.

घरी आणलेल्या निवट्या चुलीतल्या राखेत घोळवायच्या. बुळबुळ सुटली की धुऊन घ्यायच्या. मग लसूण ठेचून, घरचा मसाला टाकून, कैरीचं नाहीतर चिंचेचं आंबट. आमच्याकडे त्यात खोबरं घालत नाहीत. ज्यांच्याकडे घालतात त्यांच्याशी आईचं आजही पटत नाही. गॅस आल्यावर राख गेली. आई मिठाने चोळू लागली, पण तिच्या मते ती गोष्ट वेगळी.

आता बघा, या एका कालवणात काय काय आहे. तिथीचा हिशोब आहे, बिळाची माहिती आहे, कुठला चिखल पाय धरतो आणि कुठला गिळतो याचं ज्ञान आहे, राख आहे, आंब्याचं झाड आहे, आणि मुख्य म्हणजे खाडीपर्यंत जायची वाट आहे. यातलं काहीही महोत्सवाच्या मैदानावर दिसत नाही, कारण सुरमईला यातलं काहीही लागत नाही. ती खोल समुद्रातली, बर्फातून येते, कोणीही आणावी, कोणीही तळावी. सुरमईशी माझं वैर नाही. पण ठाण्याच्या खाडीकाठच्या लोकांनी आपली ओळख म्हणून ज्या ताटावर बोट ठेवायचं, त्या ताटात खाडीचं काहीच नसावं?

चेंदणी, बाळकुम, कोलशेतपासून घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव, सारसोळे, दिवाळ्यापर्यंत आपली सगळी गावं या एका पाण्याच्या काठाने बसलेली आहेत. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तानला आपली पाच माणसं गोळीला बळी पडली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना त्यातून आली. जमीन गेली हे आपण विसरलो नाही, विसरणारही नाही, विमानतळाला त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून १० जून २०२१ रोजी मानवी साखळी धरली तेव्हा मीही रस्त्यावर उभी होते. पण जमिनीबरोबर पाण्याकडे जायची वाटही गेली, याची नोंद कोणी ठेवली? जमिनीचा सातबारा होता. चिखलाचा सातबारा नव्हता. बायका ज्यावर पोट भरत होत्या ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

शहराने खाडीला ओळख दिली ती फ्लेमिंगोमुळे. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. चांगलंच झालं, त्यामुळे खारफुटी थोडी तरी वाचेल. आता चौकात फ्लेमिंगो, भिंतीवर फ्लेमिंगो, कचरापेटीवरही फ्लेमिंगो. पाहुणा आहे तो, त्याचं कौतुक व्हावंच. पण बाराही महिने इथेच चिखलात राहणाऱ्या निवटीचं एक साधं चित्र मी अजून कुठे पाहिलेलं नाही, तुमच्या महोत्सवाच्या कमानीवरसुद्धा नाही.

आता अवघड गोष्ट. काकींचा दुसरा प्रश्न खरा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकात कारखाने आले, मागून शहर आलं, आणि दोघांचंही सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत गेलं. मी सातवी-आठवीत असताना एकदा आईने निवट्यांचं कालवण केलं, पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "याला खारीचा वास नाय, राकेलचा येतं." त्या दिवसानंतर ती चिखलात कमी कमी जाऊ लागली. पुढे वाटेवर भराव पडला आणि तो विषयच संपला. म्हणजे लोकांची चव बदलली म्हणून निवटी ताटातून गेली, असं म्हणू नका. आमची चव तीच होती. म्हणूनच तर वास कळला.

म्हणून उद्यापासून खाडीतलं काहीही उचला आणि स्टॉलवर मांडा, असं मी म्हणत नाही. कोणाला बाधलं तर पाप लागेल. मी म्हणते, आधी तपासून घ्या. महोत्सवाच्या खर्चात लाइटिंग, साउंड, पाहुण्या कलाकाराचं मानधन असतं. त्यातला एक छोटा हिस्सा प्रयोगशाळेसाठी काढा. वेगवेगळ्या गावांसमोरच्या खाडीतून निवट्या, खुबे, चिंबोऱ्या, कोळंबी घ्या, त्यात पारा किती, शिसं किती, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून काढून घ्या, आणि तो अहवाल मोठ्या अक्षरांत मैदानाच्या दारातच लावा. जिथलं खाण्याजोगं असेल तिथलं शिजवा. जिथलं नसेल तिथे रिकामी टोपली ठेवा आणि पाटी लावा, की या गावचं मावरं, म्हणजे मासळी, आज खाता येत नाही. उद्घाटनाला आमदार, खासदार, आयुक्त येतातच. त्यांना त्या रिकाम्या टोपलीसमोर उभं करून फोटो काढा. आमच्या पिढ्यांनी खाल्लेलं खाणं परत द्या, ही मागणी करायला तुमच्याइतकं मोठं व्यासपीठ आपल्या समाजात दुसरं नाही, आणि तुम्ही त्यावर लकी ड्रॉ काढता.

पहिल्या प्रश्नाकडे येते. कोण खातं?

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजाराकडे एक चक्कर मारून या. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका शेवळं घेऊन बसलेल्या असतात. शेवळं म्हणजे पानं यायच्या आधी जमिनीतून वर आलेला फुलाचा कोंब. तसाच शिजवला तर घसा खाजून जीव नकोसा होतो. त्यासाठी त्याच टोपलीत काकडं असतात, छोटी हिरवी आंबट फळं. ती घातली की खाज मरते. विकणारी बाई काकडं दिल्याशिवाय शेवळं देत नाही. घेणारीही तेवढीच पोचलेली. ठाण्यातल्या सीकेपी घरांतल्या बायका कणी नावाच्या पदार्थासाठी शेवळं निवडताना पाहिल्यात मी, आतला पिवळा भाग काढून टाकायचा हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. वर्षातून जेमतेम काही आठवडे चालणारी ही देवघेव आहे. रानात जाणारी बाई आहे, रान थोडंफार शिल्लक आहे आणि शहरात ते ओळखून मागणारं गिऱ्हाईक आहे. तिन्ही आहेत म्हणून शेवळाची भाजी आहे. सरकारच्या रानभाजी महोत्सवांनीही अलीकडे थोडा हात दिला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही साखळी बायकांनी बायकांमध्ये चालवलेली आहे.

आपल्याकडे मागणारंच राहिलं नाही, कारण मुलांनी कधी पाहिलंच नाही. माझा भाचा मोमोज ओळखतो, खुबे नाही. त्याला दोष कसा देऊ? तो दरवर्षी ज्या आगरी महोत्सवाला जातो तिथे त्याला चायनीज भेळ मिळते.

मागणी तयार करणं ही तुमची ताकद आहे, आणि ती तुम्ही दाखवलेली आहे. आगरी मसाल्याचं बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मे महिन्यात डंकावर रांग लावून घरापुरता कुटला जाणारा मसाला आज बरण्यांतून विकला जातो, आणि त्यावर कितीतरी बचत गटांच्या बायकांचे संसार चालतात. अभिमान वाटतो. फक्त एक होतंय, की चिकनला तो मसाला लावला की आगरी चिकन, पनीरला लावला की आगरी पनीर. बरणीत मावलं तेवढंच वाचलं.

भाकरीचंही तसंच. आईने पीठ ओळखलं ते उगाच नाही. खाडीला बांध घालून, उघाडीने म्हणजे बांधातल्या झडपेने पाणी राखून आपल्या लोकांनी खारजमिनीत भात पिकवला. त्यासाठी खारं पाणी सोसणारी बियाणी लागत. राता हा त्यातला तांबडा भात. काळा राता, भुरा राता ही नावं आज भाताच्या शास्त्रज्ञांना जगभर ठाऊक आहेत. खारेपणा सोसणाऱ्या जातींच्या यादीत ती येतात. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती निघाल्या. म्हणजे आपल्या आज्यांची भाकर ज्या दाण्याची होती, त्याला शास्त्रात मान आहे आणि आपल्याच मैदानावर त्याची भाकर मिळत नाही. उरण-पेणकडे अजून खारजमिनी शिल्लक आहेत. पालघरच्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण निदान दहा पोती राता शोधून आणून पाच दिवस त्याची भाकर खिलवू शकत नाही का? तांबूस दिसेल, थोडी जाड थापली जाईल. लोक विचारतील ही अशी का, मग सांगायला मिळेल.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण आपल्याकडे बाहेरचं सांगितलं की पटतं. युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोचं पारंपरिक खाणं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात नुसत्या पाककृती नाहीत. तळ्यात माती भरून तयार केलेली त्यांची शेतं, मका पिकवायची पद्धत, दळण्याचे पाटे, एकत्र रांधणाऱ्या बायका, सगळं धरून ते खाणं. तळ्यातली शेतं वाचली तरच ताट वाचेल, हे त्यांना कळलं. आपल्याकडे खाडीतली शेतं होती आणि हळदीच्या रात्री गाणाऱ्या धवलारणी होत्या. धवलारणीला तुम्ही स्टेजवर बोलावता, शाल देता. तिच्या जातिवंत धवल्यात कुठलं धान्य, कुठलं मावरं येतं ते कोणी लिहून घेतलंय का? गाणं विकत घ्यायला शाल पुरत नाही, शेजारी बसून ऐकावं लागतं.

काहीजण म्हणतील, बाई, उद्या निवटीची फॅशन झाली की हॉटेलवाले टोपल्या भरून नेतील आणि खाडी ओरबाडली जाईल. रास्त भीती आहे. म्हणूनच मी वलगणीच्या माशांचं नाव इथे घेत नाहीये. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले वर चढणारे ते मासे. त्यांना चढू द्यायला हवं, आणि गाभोळीची चिवणी मला कितीही आवडत असली तरी हे खरंच आहे. ठराविक दिवस, ठराविक टोपल्या, आणि आणणाऱ्या बाईने सांगितलेला भाव. त्यापलीकडे नको. हे ठरवायला कुठलीही समिती नेमू नका. गावात ज्या दोन-चार म्हाताऱ्या अजून चिखल जाणतात त्यांना विचारा.

आणि सुक्या मावऱ्याच्या जागेचा प्रश्न. मे महिन्यात आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, आमच्या ओट्यासमोर जवळा, करदी, वाकट्या वाळत पडायच्या. समोर इमारत झाली. तिथल्या एका काकांनी वासाची तक्रार केली, कोणीतरी येऊन ताडपत्री उचलून नेली. काका वाईट नाहीत. आमच्या गणपतीला येतात, मोदक खातात. पण वाळवणाला जागा नसेल तर पावसाळ्यातली वाल-जवळ्याची भाजी, सुक्या बोंबलाचं कालवण, हे सगळं बाजारातल्या पाकिटावर जाणार. प्रत्येक गावठाणाला खाडीकडच्या बाजूला एक मोकळा ओटा, वारा लागेल असा, जाळी लावलेला, एवढं पालिकेकडून मिळवून द्या. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. गटार, समाजमंदिर, कमान यांसाठी वापरता, एकदा वाकट्यांसाठी वापरा.

महोत्सव बहुतेक जानेवारीच्या आसपास असतो. तेव्हा वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायची पोपटी तरी सहज जमेल. मैदानाच्या एका कोपऱ्यात भांबुर्ड्याचा पाला, मडकी आणि जाळ. पोपटीला स्टॉल लागत नाही, कोंडाळं लागतं. आणि पाककला स्पर्धेला टीव्हीवरचा शेफ परीक्षक म्हणून आणण्याऐवजी तीन म्हाताऱ्या बसवा, मानधन तेवढंच द्या. भांडणं होतील. खोबरं घालायचं की नाही यावरून तर नक्की होतील. होऊ द्या.

आईला मी विचारून ठेवलंय. खाडीतल्या निवट्या तपासून खाण्याजोग्या निघाल्या तर ती पहिल्या दिवशी येऊन कालवण करून दाखवायला तयार आहे. तिच्या अटी तीनच आहेत. राख चुलीची हवी. भाकर रात्याची हवी, आणि पीठ ती आधी हाताने बघणार. रात्री साउंड जरा हळू ठेवायचा, म्हणजे विचारणाऱ्या पोरींना ती काय सांगते ते ऐकू येईल.

आपली,
घणसोली गावातली एक लेक